आक्कांचं सोंग

माझ्या जिभेला हाड नाही, हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. काष्टीत आमचं घर एकत्र आहे. थोरल्या जाऊबाईंना मी आक्का म्हणते. चार गाई, गोठा, दोन वेळच्या धारा हे सगळं त्यांच्याकडं, मी अंगणवाडीत असते. दोन वर्षांपूर्वी आक्का अधूनमधून पडायला लागल्या. पडायच्या, मिनिटाभरात उठायच्या, पदर झटकून म्हणायच्या, "काय न्हाई झालं." गावातल्या डॉक्टरांनी रक्त बघितलं, साखर बघितली, बीपी बघितलं. सगळं चोख. अशक्तपणा म्हणून गोळ्या दिल्या.

मला मात्र एक गोष्ट खटकायची. धार काढताना आक्का पडल्या तरी दूध कधी सांडायचं नाही. बादली नीट बाजूला ठेवलेली असायची आणि बाई आडव्या. आता ज्याला खरंच चक्कर येते, तो बादली ठेवायला थांबतो होय? हे मी स्वयंपाकघरात बोलले, मग शेजारणीपाशी बोलले. "आमच्या आक्का जागा बघून पडतात," म्हणून हशाही मिळवला. हळूहळू घरात सगळेच सोंग म्हणायला लागले. थोरले दीरसुद्धा एकदा म्हणाले, "काम नको असंल तर तसं सांग की."

मग एके दिवशी त्या ओट्याच्या पायरीवर पडल्या आणि कपाळाला टाके पडले. तेव्हा कुठं आम्ही नगरला हृदयाच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टरीणबाई वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यांनी आक्कांच्या छातीला चिकटपट्ट्या लावल्या, वायरी जोडल्या आणि मोबाईलएवढी डबी कमरेला अडकवली. म्हणाल्या, "चोवीस तासांतला प्रत्येक ठोका यात नोंदला जाईल. अंघोळ सोडून रोजचं सगळं करा. चक्कर आली की हे बटन दाबा, आणि किती वाजता काय करत होता ते वहीत लिहा." नोंदवह्या भरण्यात माझा जन्म गेलेला, त्यामुळं वही माझ्याकडं आली.

घरी येऊन आम्ही काय करावं? बाईच्या अंगावर मशीन आहे म्हणून त्यांना कॉटवर निजवलं. धारा मी काढल्या. भावकीतल्या बाया मशीन बघायला आल्या, चहा झाला. वहीत मी लिहिलं, झोपल्या, बसल्या, चहा घेतला, झोपल्या. रिपोर्टमध्ये काही निघालं नाही. मी मनात म्हटलं, बघा.

डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. "या घरी काहीच करत नाहीत का?"

आक्काच हळू आवाजात म्हणाल्या, "करू दिलं न्हाई मला."

डॉक्टरीणबाई चिडल्या होत्या, ते दिसत होतं, पण आवाज चढवला नाही. "मला यांचा सुट्टीचा दिवस नको, कामाचा हवाय," म्हणाल्या, आणि या खेपेला आठवडाभराचं मशीन लावलं. काम बंद करायचं नाही, पण एकटं सोडायचं नाही, एवढं बजावलं. आम्हाला हाकलून द्यायला त्या मोकळ्या होत्या. त्यांनी दिलं नाही, हे मी कधी विसरणार नाही.

मी रजा टाकली आणि वही घेऊन आक्कांच्या मागं फिरायला लागले. इतकी वर्षं एका घरात राहून मला त्यांचा दिवस माहीत नव्हता. पाचला शेणघाण, मग धारा, सातच्या आत कॅन डेअरीवर, मग वैरण, पाणी, भाकरी, पुन्हा गोठा. वहीची पानं पुरेनात. आज कुठली गाय दूध कमी देणार, हे त्या तिच्या कानाला हात लावून सांगायच्या आणि ते खरं निघायचं. मी अर्ध्या दिवसात थकले. त्या लई शांतपणे म्हणायच्या, "बस जरा, नंतर लिही."

चौथ्या दिवशी सकाळी मी गोठ्याच्या दारात उभी होते. धार काढता काढता आक्कांचा हात थांबला. त्यांनी दोन्ही हातांनी बादली भिंतीकडं सरकवली आणि गाईच्या पायाशी कलंडल्या. मी धावले, बटन दाबलं. आणि दाबतानासुद्धा माझ्या मनात आलं, ठेवली बघा बादली. लिहायला लाज वाटते, पण आलं.

नगरला डॉक्टरीणबाईंनी आम्हाला स्क्रीनवर दाखवलं. ठोके ओळीनं चाललेले, मग नुसती सरळ रेघ, मग पुन्हा ठोके. "नऊ सेकंद यांचं हृदय थांबलं होतं," त्या म्हणाल्या. थोरल्या दिरांनी ती रेघ पुन्हा दाखवायला सांगितली.

मला विचारल्याशिवाय राहवेना. "मग बादली कशी ठेवली यांनी?"

"हृदय थांबलं तरी भान जायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात माणूस स्वतःला सावरतो. यांनी दूध सावरलं."

पेसमेकर बसवायचं ठरलं. हृदय थांबायला लागलं की तो ठोका देणार. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी वॉर्डात मी आक्कांची वेणी घालत होते. तोंड दिसत नव्हतं म्हणून बोलायचं धाडस झालं. "आक्का, सोंगाचं मीच पसरवलं गावात."

"ठाव हाय मला."

"मग भांडला का नाही माझ्याशी?"

"कशावरनं भांडू? पडल्यालं मला काय बी याद नसायचं. समदी म्हनत्यात तर मीच करत असंन, असं वाटाया लागलं हुतं. एकटी असले की सोताला इचारायचे, का गं करतीस असं? काल त्या पोरीनं ती रेघ दावली, तवा जिवाला बरं वाटलं बघ. मी खोटी न्हवते."

माझा हात वेणीतच राहिला. आपलं हृदय बंद पडलेलं बघून माणसाला बरं वाटावं, ही वेळ त्यांच्यावर मी आणली होती.