कुलूप नको असलेली गिऱ्हाइकं

कुलपं-किल्ल्यांचा धंदा, म्हणून सगळी गल्ली त्यांना किल्लीमामा म्हणे. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. दुकानात कुणी पाऊल टाकलं की मामा आधी त्याचे हात बघत, मग तोंड. साबणावर किल्लीचा ठसा घेऊन कुणी आला, तर त्याला खुर्ची देत, चहा सांगत आणि असे खोदून खोदून प्रश्न विचारत की चहा यायच्या आत गडी पसार होई. संशय हा त्यांचा स्वभाव होता की धंद्याचं हत्यार, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुकानावरच्या दोन खोल्यांत ते मुलगा आणि सुनेबरोबर राहत. मुलगा कामापायी सदा बाहेरगावी. सून पूर्वी जाहिरातींच्या कंपनीत होती. तिने सासऱ्यांच्या दुकानाची वेबसाइट काढली. तिजोऱ्या, शटरची कुलपं, कचेऱ्यांचे दरवाजे, असा सगळा माल दुकानदार आणि कचेरीवाल्यांसाठी. ते यायचे, किमती बघायचे आणि निघून जायचे.

"बाबा, ज्याला कुलूप घ्यायचंय तो येतोच," सून म्हणाली. "पण ज्याला आज काही नकोय, त्यालाही तिथे घडीभर थांबावंसं वाटलं पाहिजे. उद्या त्याची कडी अडकली की त्याला आपण आठवू."

"कुलूप घ्यायचं नाही आणि कुलपाबद्दल वाचायचंय, असा माणूस मला एकाच धंद्यातला ठाऊक आहे," मामा म्हणाले.

सून हसली आणि तिला करायचं तेच तिने केलं. संध्याकाळी गप्पांच्या ओघात मामा जे सांगत, ते ती लिहून वेबसाइटवर टाकू लागली. किल्ली अर्ध्यात का अडते, लहान मुलाने आतून कडी लावून घेतली तर घाबरून काय करू नये, जुन्या बोजड कुलपाच्या पोटात काय असतं. हे मामांना कळलं तेव्हा त्यांचा पारा चढला. पण तोवर वाचणाऱ्यांची रीघ लागली होती. तान्ह्या पोरांच्या आया, शिक्षक, घरी बसलेले पेन्शनर. कुणालाही कुलूप नको होतं.

"एवढी माणसं येतात आणि एक कुलूप खपत नाही," मामा कुरकुरले. "सूनबाई, इथे पाणी मुरतंय."

आणि एके सकाळी सुनेने वेबसाइटवर आलेला एक प्रश्न वाचून दाखवला: 'म्हाताऱ्या माणसाने खोली आतून लावून घेतली असेल, तर आवाज न करता बाहेरून कशी उघडावी? आतल्या माणसाला कळता कामा नये.'

मामांच्या हातातली कानस थांबली. "बघ! म्हटलं होतं ना? कळता कामा नये म्हणे!"

"काही अडचण असेल हो, बाबा."

"अडचण त्या म्हाताऱ्याची आहे. लिही, प्रत्यक्ष दुकानात या."

काही दिवस उत्तर आलं नाही. शेपूट घातली, असं मामा म्हणतात तोच पुन्हा तोच प्रश्न आला, जास्तच काकुळतीने: 'घर सोडून येता येत नाही. कृपा करून सांगा.' मामांना ही पाळत ठेवणाऱ्याचीच भाषा वाटली. त्यांनी पुन्हा तेच उत्तर धाडलं.

शेवटी प्रश्न विचारणारी स्वतःच दुकानात आली. चाळिशीतली बाई, केस कसेबसे बांधलेले, नजर सारखी घड्याळाकडे.

"कुणाचं घर?" मामांनी विचारलं.

"माझंच. म्हणजे वडिलांचं."

"मग वडिलांना घेऊन या."

"ते नाही येणार, काका. त्यांना सांगितलेलं नाही."

मामांनी सुनेला डोळ्यांनी खुणावलं: चौकीला फोन कर. सुनेने खूण पाहिली, आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येऊन त्या बाईशेजारी बसली. मामा चरफडले.

पाणी पिऊन बाई हळू आवाजात बोलू लागली. "बाबा कडी लावतात आणि काढायची कशी ते विसरतात. मागच्या खेपेला शेजाऱ्यांनी दार फोडलं. बाबांना वाटलं दरोडाच पडला. कोपऱ्यात बसून लटलट कापत होते, मलासुद्धा ओळखेनात. तो आवाज पुन्हा नको मला."

सुनेचे डोळे भरून आले. मामांचे नाहीत. "गोष्ट छान आहे," ते म्हणाले, "पण घर बघितल्याशिवाय मी अक्षर सांगणार नाही."

हत्यारांची पिशवी काखोटीला मारून ते सुनेला घेऊन निघाले. जिन्यात भेटलेल्या शेजारणीला त्यांनी हळूच विचारलं, ही बाई कोण? तिने मुलगीच म्हणून सांगितलं. मग मामांना त्या शेजारणीचाही संशय आला.

आत खिडकीपाशी म्हातारे गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, सगळी बटणं लावलेली. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला होता म्हणे. मामांची पिशवी दिसताच ते ताडकन उठले.

"कोण रे तू? कुणी पाठवलं?"

"बाबा, हे कडी दुरुस्त करायला..."

"चोर असंच सांगून शिरतात! पिशवी उलटी कर."

उभ्या जन्मात मामांना असं कुणी विचारलं नव्हतं. "मी... माझं दुकान आहे," ते चाचरत म्हणाले, आणि ते त्यांच्याच कानांना खोटं वाटलं. मुकाट्याने गुडघे टेकून त्यांनी एकेक हत्यार जमिनीवर मांडलं. मास्तर प्रत्येकाकडे टक लावून बघत होते, आणि त्या डोळ्यांत रागापेक्षा भीतीच जास्त होती.

"मास्तर," मामा शेवटी म्हणाले, "तुमची कडी कच्ची आहे. मी पक्की करून देतो. तुम्ही समोर बसा आणि माझ्यावर नजर ठेवा."

हे मास्तरांना पटलं. खुर्ची ओढून ते पहारा देत बसले. मामांनी जुनी कडी काढून नवी बसवली. आतून ती खटकन लागे. बाहेरच्या बाजूला मात्र एक बारीक खाच होती, नाणं घालून फिरवलं की अलगद उघडणारी.

मास्तर लगेच आत गेले. खट्! "आता उघडून दाखव!" आतून आवाज आला.

मामांच्या बोटांत नाणं होतं. ते त्यांनी मुलीच्या तळहातावर ठेवलं आणि दाराची मूठ दोन्ही हातांनी खडखडा हलवली. "नाही हो उघडत, मास्तर! हात टेकले!"

आत मास्तर खदखदून हसले. मुलीने पदर तोंडाला लावला.

परतीच्या वाटेवर मामा म्हणाले, "त्यांना मी फसवलंच, सूनबाई."

"त्यांना आज झोप लागेल," ती म्हणाली.

ही हकिकत वेबसाइटवर घालायची की नाही, यावरून दोघांची जुंपली. खाचेचं नाव काढायचं नाही, असा मामांचा हट्ट. अखेर तिने एवढंच लिहिलं, की अशा घरी आम्ही स्वतः येतो. त्यावर फोन येऊ लागले: मुलींचे, जावयांचे, वृद्धाश्रमातल्या नर्सचे. दुकानदारांसाठी काढलेल्या वेबसाइटवर ही माणसं कुठून वाट शोधत येत, कोण जाणे. मामा प्रत्येक घरी जात आणि आधी शेजाऱ्यांना गाठत.

एकदा एका गृहस्थाने बोलावलं: आईला विसरायला होतं, खोलीला बाहेरून उघडता येईल अशी कडी बसवा. शेजाऱ्यांकडून कळलं, ती त्याची आई नव्हे, मावशी; डोकं शाबूत, आणि घर तिच्या नावावर. मामांनी मावशींची गाठ घेऊन सगळं कानावर घातलं आणि त्यांच्या खोलीला बाहेरून कुणाच्या बापाला उघडणार नाही असं कुलूप ठोकून दिलं.

"बाबा, हे लिहू?" सुनेने विचारलं.

मामांनी कानस खाली ठेवली.

"लिही," ते म्हणाले. "ज्याला कुलूप नकोय त्यानेही वाचू दे. मावशींचा तो भाचाही वाचेल."