नानांच्या दाराला कुलूप

नाना गेले त्याला दीड महिना झाला. तेरावा उरकला, पाहुणे पांगले आणि आता घरातला मोठा मीच, या तोऱ्यात मी त्यांच्या नांदूरघाटच्या घराला भलंमोठं कुलूप ठोकून केजला परतलो. निघताना दोनदा ओढूनही पाहिलं... अर्ध्या गल्लीच्या किल्ल्या आपण आत कोंडल्या, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

नाना माझे चुलते. जज म्हणून निवृत्त झाले आणि गावी येऊन राहिले. लोकांनी सोसायटीचं चेअरमनपद देऊ केलं, ते नको म्हणाले. घेतलं ते भलतंच काम. दिवाळी झाली की गल्लीतली माणसं ऊसतोडीला निघत आणि जाताना घराची किल्ली नानांकडे देत. पहिल्या वर्षी नानांनी किल्ल्यांना नावाच्या चिठ्ठ्या बांधल्या. शेजारची साळूबाई म्हणाली, "जजसायेब, तुमचं अक्षर तुमालाच लागंना, आमाला काय कळायचं?" आणि तिनं आपल्या लुगड्याची चिंधी बांधून दिली. तेव्हापासून प्रत्येक किल्लीला त्या त्या घरची चिंधी आणि भिंतीवर खुंट्यांची रांग. या किल्ल्या कुणालाही कधीही लागतील म्हणून नाना स्वतःच्या दाराला नुसती कडी लावत. दर रविवारी ती सगळी घरं उघडून, झाडून, वाळवी बघून येत. माणसं परतायच्या दिवशी घरोघरी भरलेली घागर ठेवलेली असे, अगदी टँकरशिवाय घोटभर मिळत नव्हतं त्या सालीसुद्धा.

"नाना, वकील चळचळा कापायचे तुमच्यापुढं," मी एकदा शहाणपणा केला. "आता ही राखणदारी कशाला?"

ते थकल्या आवाजात म्हणाले, "लई घरांचे ताबे दुसऱ्याला देवविले रे मी. कायद्यानं बरोबरच होतं ते... आता ज्याचं त्याला देतो. झोप लागते."

गेल्या आठवड्यात साळूबाईचा फोन आला. "भाऊ, आमी आलोत. जजसायेब गेल्याचं तिकडंच कळलं, पर त्यांच्या दाराला कुलूप कावून हाय?"

बायकोला घेऊन मिळेल त्या जीपनं गेलो. सहा महिने ऊस तोडून आलेली माणसं बोचक्यांवर बसली होती, सकाळपासून, उन्हात. कुलूप काढून खुंट्यांपुढं उभा राहिलो, तर कुठली चिंधी कुणाची काही कळेना. "सरका," साळूबाई म्हणाली आणि तिनंच एकेकाच्या हातात किल्ली दिली.

मग ती आपल्या घरी गेली. दारातून मला दिसलं, तिनं सवयीनं घागरीत तांब्या घातला. तो तळाला खणकन वाजला. घागर काखेला मारून ती बाहेर आली, माझ्यापाशी थांबली.

"भाऊ, औंदा दिवाळीनंतर किल्ल्या कुणापाशी ठिवायच्या?"

"बघू," मी म्हणालो. मला दुसरं काही येतच नाही.

निघताना नुसती कडी लावली. कुलूप मांडीवर घेऊन जीपमध्ये बसलो. केजला घरापाशी उतरल्यावर बायकोनं पर्समधून आमच्या दाराची किल्ली काढली, पदराच्या टोकाशी धरून पाहिली आणि म्हणाली, "अहो, दिवाळीच्या आत ठरवा. ही कुणापाशी ठेवून नांदूरघाटला राहायला जायचं?"