दहा हजार एकचा भाजक

धोंडा तिच्या पाठीवरून घसरला आणि त्याच्यामागे ती तोंडावर पडली, तेव्हा मी भाकरी खात होते. तिला सोडवणारा आकडा माझ्या मांडीवरच्या पाटीवर लिहिलेला होता.

लढाईची वर्षे होती. बेलापूरजवळच्या आमच्या गावात मी चौथीत होते. चैत्रातली सकाळची शाळा. मास्तरांनी फळ्यावर दहा हजार एक लिहिले आणि विचारले, एक आणि ही संख्या स्वतः सोडून हिला कोण भागते? या संख्येचे त्यांना फार कौतुक. कोणताही चार आकडी आकडा शेजारी शेजारी दोनदा लिहा, ४५६७४५६७ असा, त्याला ही बिनबाकी भागते, हे ते दरवर्षी करून दाखवत.

आमचे पाढे तीसपर्यंत पाठ. माझ्या शेजारी बसणारी मुलगी वर्गात सर्वांत हुशार. तिने सगळे पाढे मनात लावून पाहिले आणि उभी राहिली.

"हिला कुनीच भागत न्हाई, मास्तर."

"तीसच्या पुढचे आकडे मेले का गं?"

वर्ग हसला. दुसरी कोणी भाजक काढीपर्यंत तिने उन्हात अंगठे धरायचे, असे ठरले. पाठीवर धोंडा ठेवला. तिला दोन दिवस कणकण होती. मला ते ठाऊक होते.

बाकीच्या मुलींनी थोड्या वेळाने पाट्या पुसल्या. मी मठ्ठ. पंधराचा पाढा यायला मला दोन वर्षे लागली, म्हणून ती मला सगळ्यांदेखत 'पंधरे' अशी हाक मारायची. पण मठ्ठ माणूस एकामागून एक करत राहतो. एकतीस, बत्तीस, तेहतीस. सम आकडे वगळावेत एवढेही मला सुचले नाही, त्यात बराच वेळ गेला. त्र्याहत्तरला आले. शंभरात एकदा, उरले सत्तावीस. दोनशे सत्तरात तीनदा, उरले एकावन्न. पाचशे अकरात सातदा, बाकी शून्य.

तोवर मधली सुट्टी झाली होती. मास्तर लिंबाखाली तंबाखू मळत बसले होते, माझ्यापासून दहा पावलांवर. मी भाकरीचे फडके सोडले. तिने वाकल्या वाकल्या मान वळवली.

"निघाला का गं?"

"न्हाई," मी म्हणाले.

अजून थोडी वाकू दे, एवढेच माझ्या मनात होते. अर्धी भाकरी झाली आणि ती पडली.

मी पाटी घेऊन धावले. मास्तरांनी आधी त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस करून पाहिले, मग पाणी मागवले.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईने मला विचारले, आकडा कधी सापडला? ती पडल्यावर, असे मी सांगितले. तिसऱ्या दिवशी ती मुलगी गेली. गावाने तापाचे नाव घेतले. मास्तर पुष्कळ वर्षे जगले. मी अजून आहे.