अकरा सेकंदांचा माणूस

ऑफिसात त्याला सगळे ‘अकरा सेकंद’ म्हणत, आणि हा शहाणा त्या नावावर छाती फुगवून फिरत असे.

लोकांच्या वेबसाइट नीट चालताहेत की नाही यावर डोळा ठेवायचा, हे त्याच्या कंपनीचं काम. भिंतभर पडदे आणि पडद्यावर प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक चौकोन. वेबसाइट धड असली की चौकोन हिरवा, अडली की लाल आणि वर भोंगा. भोंगा वाजला की ‘पाहिलं’ असं लिहिलेलं बटण दाबायचं, म्हणजे तो गप्प होतो. मग शेजारच्या खोलीतल्या दुरुस्तीवाल्या बाईंना फोन करायचा. आता गंमत अशी, की बटण दाबायला किती वेळ लागला हे कंपनी काटेकोर मोजायची. फोन झाला की नाही, हे मात्र कोणी मोजत नव्हतं. जे मोजलं जातं तेवढंच करावं, एवढी अक्कल त्याला उपजत होती. सरासरी अकरा सेकंद! त्याचं प्रशस्तिपत्रक भिंतीवर होतं, तेही त्यानेच स्टुलावर चढून टांगलेलं.

बरं, अंगात अजून एक कला होती. पाहुणे भिंत बघायला येणार असले की लाल चौकोन डोळ्यांत खुपतात, असं मोठे साहेब एकदा म्हणाले. याने लगेच तोड काढली. लाल चौकोन आठ तास ‘झोपवायचा’. झोपलेला चौकोन हिरवा दिसे, आणि महिन्याच्या अहवालातही ते तास ‘सुरळीत’ म्हणूनच धरले जात. साहेबांनी पाठ थोपटली. दुरुस्तीवाल्या बाई तेवढ्या म्हणाल्या, “अहो, थर्मामीटर फोडून ताप उतरत नसतो.” त्यावर हा हसला. बाईंना कंपनीचं धोरण कळत नाही, असं त्याचं मत होतं.

घरी बायको आणि एकुलती मुलगी. मुलीला नर्स व्हायचं होतं. प्रवेश परीक्षेत दोनदा आपटली, तिसऱ्यांदा चांगले गुण मिळवले, आणि वयाची अट पाहता हे शेवटचंच वर्ष होतं. अर्ज फक्त वेबसाइटवरून, शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. एक दाखला हातात यायला उशीर झाला, म्हणून पोरीचा अर्ज शेवटच्या दिवसावर गेला. त्या कॉलेजचा चौकोन बापाच्याच भिंतीवर होता. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

त्याच दिवशी दुपारी पाहुणे यायचे होते. सकाळी दहाला कॉलेजचा चौकोन लाल झाला. याने नऊ सेकंदांत बटण दाबलं, स्वतःवरच खूश झाला, आणि फोन करायचा सोडून चौकोन झोपवून टाकला. हजार मुलं एकदम अर्ज भरतात, अडणारच, होईल आपोआप. मग टाय नीट करायला गेला.

साडेतीनला मुलीचा फोन आला.

“बाबा, पान उघडतच नाहीये. सकाळपासून बसलेय. नुसतं गोल गोल फिरतंय.”

“तुझंच नेट गंडलं असेल.”

“मैत्रिणींचंही तेच होतंय. तुमच्याकडे दिसत नाही का काही?”

त्याने भिंतीकडे पाहिलं. चौकोन हिरवागार होता. तो हिरवा का आहे हे जगात एकट्या त्यालाच ठाऊक होतं. शेजारच्या खोलीचं दार सहा पावलांवर होतं. पण बाईंनी हात घालायचा तर आधी चौकोन जागा करावा लागणार. म्हणजे लाल, म्हणजे भोंगा, आणि साहेब पाहुण्यांना घेऊन नेमके भिंतीपुढे उभे.

“आमच्याकडे सगळं ठीक दिसतंय,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “थोड्या वेळाने कर.”

झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही. चार वाजले, साडेचार झाले. पाहुणे चहा पीत राहिले, साहेब बोलत राहिले, आणि हा भित्रा माणूस हात मागे बांधून ‘हो सर, हो सर’ करत राहिला. मुलीचे आणखी सहा फोन येऊन गेले.

पाहुणे गेले सव्वापाचला. तेव्हा तो धावला. बैल गेला नि झोपा केला!

दुरुस्तीवाल्या बाईंनी पडद्यावर नजर टाकली. “डिस्क भरलीय. जुन्या नोंदी पुसायच्या, बास.” सात मिनिटांत वेबसाइट सुरू झाली. मग त्यांनी वेळ वाचली आणि मान वर केली. “सकाळी दहापासून? आणि मला कोणी सांगितलं नाही?”



अर्ज राहिलेल्या मुलामुलींनी कॉलेजकडे तक्रार केली. त्याच्या मुलीने स्वतः चार पानं लिहिली, आईने ती वाचून दोन ओळी वाढवल्या. कॉलेजने कंपनीला विचारलं, त्या दिवशी वेबसाइट बंद होती का? बंद होती असं कळलं, तर मुदत वाढवायची कॉलेजची तयारी होती. पत्र साहेबांनी त्याच्याच टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “भिंत तुमची, उत्तर तुम्हीच द्या.” देवाने याहून सोपी संधी कोणाला दिली नसेल. तीन शब्द लिहायचे होते. याने दिवसभर घाम पुसला, दोनदा कागद फाडला, आणि शेवटी अहवाल जसाच्या तसा जोडून खाली सही ठोकली. नोकरी होती, नाव होतं, पुढच्या वर्षी बढती होती. पोरीचं काय, दुसरं काहीतरी बघू.

आठवड्याने कॉलेजचं उत्तर घरी आलं. जेवणाच्या टेबलाशी मुलीने ते मोठ्याने वाचलं. वेबसाइट दिवसभर सुरळीत होती, सबब तक्रार खोटी असून ती फेटाळण्यात येत आहे. सोबत अहवाल. तिने पान उलटलं आणि सहीपाशी थांबली. बायकोने तिच्या खांद्यावरून पाहिलं आणि नवऱ्याचं ताट भरता भरता हात मागे घेतला.

“नियमाप्रमाणे तसंच द्यावं लागतं गं,” तो म्हणाला.

मुलगी रडली नाही. तिने कागद त्याच्यासमोर ठेवला.

“मी तुम्हाला साडेतीनला फोन केला होता, बाबा,” ती म्हणाली. “यात मला खोटी म्हटलंय. तुम्हालाही मी खोटीच वाटले होते का?”