जवाब पाठीमागच्या बाजूला असंल!

हिंगोलीचा बाजार होता त्या दिवशी. एस.टी. स्टँडजवळ रहीमभाईचं लाऊडस्पीकरचं दुकान, तिथं मी आणि माझा थोरला भाऊ, दादा, जाऊन पोचलो... सत्तरीच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा विशीतला.

डोंगरकडा हे आमचं गाव, तिथं दादाची गायन पार्टी होती. मी मागं बसून टाळ्या द्यायचो. रहीमभाईनं सांगावा धाडला होता, मुकाबल्याची, म्हणजे दोन पार्ट्यांच्या सवाल-जवाबाची, विलायती रेकॉर्ड आलीय, ऐकायला या.

बघतो तर बाकावर दाजी! माझ्या अक्काचा नवरा, आणि शिरड शहापूरच्या पार्टीचे गायक. त्यांनाही तोच सांगावा गेलेला...

आदल्या वर्षी जयंतीच्या मुकाबल्यात दादानं गाण्यातून टोमणा मारला होता, दाजींचा आवाज म्हणे रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. सगळा मांडव हसला.

मुकाबल्यात असं चालतं हो, पण दाजींच्या ते जिव्हारी लागलं. तेव्हापासून अक्काला त्यांनी माहेरी पाठवलं नाही, पहिलं बाळंतपणसुद्धा तिकडंच केलं. नातू चार महिन्यांचा झाला, आईनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

रेकॉर्डच्या कव्हरवर दोन पार्ट्यांचा फोटो. एकीकडे बाया, दुसरीकडे गडी... सगळे काळेसावळे, आपल्याच सोयऱ्यांतले वाटावेत असे. दोन पार्ट्या म्हणजे मुकाबलाच, यात कुणालाच शंका नव्हती.

"गडी आमचे," दादा म्हणाला.

"मंग बाया आमच्या," दाजी भिंतीकडं बघत म्हणाले.

गाणं सुरू झालं. आम्ही कान टवकारून बसलो, आता टोमणा येईल, आता जवाब येईल... इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, पण टोमण्याचा सूर काय लपतो? एक बाजू संपली. जवाब नाही.

"जवाब पाठीमागच्या बाजूला असंल," दादा म्हणाला. "पलटवा, रहीमभाई."

पलटवली. तिकडंही तेच... बायांचा सूर वर चढला की गडी खालच्या सुरात थांबून त्यांना पेलायचे. शेवटी रहीमभाई डोकं खाजवत म्हणाला, "मुकाबला नै है जी ये. दोनों मिलके गा रहे."

"मंग हरलं कोण?" दाजींनी विचारलं. सुई नुसती खरखरत राहिली.

दादानं रेकॉर्ड पुन्हा लावायला सांगितली. गड्यांतला तो भरदार, खालचा आवाज आला तसा तो दाजींकडं वळला. "पाव्हणं, हे खालचं धरणं आमच्यात कोणाला जमत न्हाई. तुमालाच जमंल."

"काहून? माझा आवाज तर रांजणातला हाय नं?"

दादा मोठा मानी माणूस. पण त्यानं मान खाली घातली. "रांजणातलंच पाणी गार लागतंय, पाव्हणं... चुकलं माझं."

थोड्या वेळानं दाजींची बोटं बाकावर ठेका धरून राहिली होती... आणि दादा गुणगुणत होता.

चौथ्या दिवशी डोंगरकड्याला एस.टी.तून अक्का उतरली, मागून बोचकं सांभाळत दाजी. आईनं लेकरू जे उचललं, ते दिवस मावळेपर्यंत कुणाच्या हाती दिलं नाही.

त्या गाणाऱ्यांची नावं मला आजही ठाऊक नाहीत. पण ‘तुम्ही दोन पार्ट्या मिळून गायलात, म्हणून आमच्या आईच्या मांडीवर नातू आला’... एवढं कुणीतरी त्यांना कळवायला हवं होतं.