कापशाच्या पंजातली जट

कुत्र्याचा पंजा हातात घेतला की वहिनी आधी काहीच करायच्या नाहीत. नुसता धरून बसायच्या. कापशा पंजा ओढून घ्यायचा, त्या सोडायच्या, पुन्हा धरायच्या. त्याची ओढाताण थांबली की म्हणायच्या, "आता ह्यो आपला झाला."

आमचं बिऱ्हाड तेव्हा जयपूरला होतं, झोटवाड्याच्या बाजूच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. वहिनी समोरच्या दारात राहायच्या. नवरा रेल्वेत फिटर, एकच मुलगी, तेरा वर्षांची. माहेर-सासर दोन्ही सांगलीकडचं. मी त्यांना वहिनी म्हणायची, त्या मला ताई.

कापशा आमचा. पांढरा, झुपकेदार, जात कुठली ते विकणाऱ्यालाही सांगता आलं नव्हतं. पावसाळा सरला की मैदानातलं भुरट वाळायचं. त्या गवताची काटेरी बोंडं कापशाच्या बोटांमध्ये शिरायची, भोवती केस आणि माती गुरफटायची, आणि दोन दिवसांत त्याचा खडा व्हायचा. बिचारा लंगडायचा, आणि मी कात्री घेऊन बसले की माझ्यावरच गुरगुरायचा. एकदा त्याचं केकाटणं ऐकून वहिनी पदर खोचत आल्या.

"ओढू नगा ताई. मुळाशी धरा, म्हंजे कातडीला ताण बसत न्हाई."

खोबरेल तेलाचे चार थेंब, मग बोटांनी गोळा फोडायचा, मग कंगवा, तोही टोकाकडून. जे सुटणारच नाही त्याच्या खाली कंगवा सारायचा आणि कंगव्याच्या वरून कापायचं. "कंगवा मधे हाय तवर रगत न्हाई," त्या म्हणायच्या. कापशा तोंड फिरवून बसला की त्याला दटावायच्या, "काय रं, सायबासारखा बघतोस? काम तुझंच चाललंय." त्यानंतर तर कापशा त्यांची चाहूल लागली की आपणहून आडवा व्हायचा. मी त्याला एवढं जेवू घालायची, पण माझ्यासाठी कधी झाला नाही.

एकदा असाच मोठा गोळा सुटला. त्यांनी तो तळहातावर घेऊन बोटानं उलटा केला.

"माझ्या थोरल्या बहिणीच्या डोक्यात अशीच जट आली होती. बारा वर्साची होती. घाण साचली, केस गुतले, बस. पर घरच्यांनी म्हटलं, देवीनं मागितलीया. कुणी कंगवा लावू दिला न्हाई. देवीला सोडली तिला. ना लगीन, ना घर." गोळा त्यांनी केराच्या सुपलीत टाकला. "कुठं मेली ते बी मला उशिरा कळलं."

त्यांच्या घरात यावर बोलायची सोय नव्हती, हे मला पुढे समजलं.

त्या हिवाळ्यात मुलीला टायफॉईड झाला. महिनाभर पोर अंथरुणात. त्यातच वहिनी स्वतः तापानं आडव्या झाल्या, म्हणून गावाहून सासूबाई आल्या. म्हातारी वाईट नव्हती. नातीच्या उशाशी रात्रंदिवस बसून होती. पण मुलीच्या केसांना हात लागला नाही तो नाहीच. वहिनी उठून बसत्या झाल्या तेव्हा पोरीच्या मानेपाशी गुंतलेल्या केसांची मुठीएवढी गाठ झाली होती. ती बघून सासूबाईंनी हात जोडले होते.

"कंगवा लावायचा न्हाई," त्यांनी सुनेला सांगितलं. "आता ती आपली न्हाई."

नवरा आईच्या शब्दाबाहेर नव्हता. जत्रेला मुलीला गावी न्यायचं, देवीपुढे उभी करायची, असं ठरलं. वहिनींनी मला हे सांगितलं तेव्हा त्या कापशाचा पंजाच साफ करत होत्या. आवाज सरळ होता, पण बोटं चालत नव्हती. त्या दिवसापासून त्यांच्या दाराशी गेलं की आतून नुसता उदाचा वास यायचा. मुलगी खिडकीत बसलेली दिसायची, डोक्यावर ओढणी. शाळा बंद झाली होती.

होळीनंतर शीतला मातेचा बासोडा आला. कॉलनीतल्या बायका चाकसूच्या मेळ्याला निघाल्या, सासूबाईही त्यांच्याबरोबर गेल्या. नवरा ड्यूटीवर. त्या दिवशी कुणाच्याच घरी चूल पेटत नाही, सगळे आदल्या दिवशीचं गार खातात, त्यामुळे कॉलनी अगदी निपचित पडली होती. वहिनी मुलीचा हात धरून माझ्याकडे आल्या आणि दार लावून घेतलं.

मुलगी जमिनीवर बसली. वहिनींनी तेल ओतलं, बोटं घातली, गाठ हलेना. कात्री दिसताच पोर मागे सरकली.

"आई, नको. आजी म्हणते खून निकलेगा. मतलब, खरंच रक्त येतं. आणि मग घरात कुणाला तरी काही होतं."

वहिनींनी कापशाला हाक मारली. तो लोळला. त्याच्या मागच्या पायात एक जुना खडा होता, तो त्यांनी कंगव्यावरून कापला आणि पंजा मुलीपुढे धरला.

"आलं रगत?"

मुलीनं कापशाची बोटं फाकवून बघितली, दोनदा बघितली. मग मान हलवली आणि पाठ आईकडे केली.

दुपार सरेपर्यंत ते चाललं होतं. निम्मी गाठ सुटली, निम्मी कापावी लागली. पोरीनं मानेवरून हात फिरवला आणि हसली. वहिनी हसल्या नाहीत. कापलेले केस त्यांनी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळले आणि पदराखाली धरून घरी गेल्या.

संध्याकाळी आरडाओरडा होईल म्हणून मी कानोसा घेत होते. काहीच झालं नाही. सासूबाई उंबऱ्यात बसून राहिल्या होत्या, एवढंच. मी पाण्याचा तांब्या नेला तर मला म्हणाल्या, "बाई, आता कुणाचा नंबर लागतोय कुणास ठाऊक."

पंधरवडाही झाला नसेल. वहिनींचा नवरा सांगानेरहून येत होता, स्कूटरपुढे गाय आडवी आली. मांडीचं हाड मोडलं.

दवाखान्याच्या जिन्यात वहिनी मला बाजूला घेऊन गेल्या.

"ताई, मी कापली म्हणून झालं का हे?"

"वहिनी, गाय होती ती. रोज कुणीतरी पडतं तिथं."

"ते मला बी कळतंय," त्या म्हणाल्या. "पर रात्री कळत न्हाई."

माझी बहीण नाशिकला मुलींच्या वसतिगृहात काम करत होती. शाळा सुरू होताना वहिनींनी मुलीला तिच्याकडे पाठवलं. नवऱ्यानं अडवलं नाही. का अडवलं नाही, ते मला वहिनी निघाल्या तेव्हा कळलं. सासूबाई गावी परतणार होत्या आणि वहिनी त्यांच्याबरोबर जाणार होत्या.

"देवीला कुणीतरी पायजे म्हणतात," त्या बॅग आवळत म्हणाल्या. "मग मी हाय की. पोरीच्या मागं लागू नका, एवढंच कबूल करून घेतलंय."

"आणि तुमचं काय?"

"माझा संसार झाला, ताई."

मी पुष्कळ बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग कापशाला कुरवाळलं आणि रिक्षात जाऊन बसल्या. नवरा पुढे बरा झाला, बदली घेऊन गेला. समोरच्या दाराला दुसऱ्यांची पाटी लागली.

दोन वर्षांनी मी नाशिकला बहिणीकडे गेले होते. रविवार होता, भेटीचा दिवस. वसतिगृहाच्या अंगणात, कट्ट्यावर वहिनी बसल्या होत्या. वाळल्या होत्या. पुढ्यात मुलगी, उंच झालेली, परीक्षेबद्दल भराभरा काहीतरी सांगत होती. वहिनी तिची वेणी घालत होत्या. एकेक बट वेगळी करून विंचरत होत्या. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर पदर घट्ट ओढलेला होता, आणि मानेपाशी त्या पदराखाली काहीतरी जड लोंबत होतं.

मुलगी बोलता बोलता वळली आणि तिनं तिकडे हात नेला. वहिनींनी मनगट धरलं.

"तिथं न्हाई," त्या हळू म्हणाल्या, आणि तिची मान पुन्हा सरळ केली.