मोडक्या कानांचा लढवय्या

मुलीच्या मोबाइलवर मारामारीचा गेम चालू होता. त्यातल्या लढवय्याचे कुस्तीत मोडलेले कान दिसले आणि मला अहमदपूरच्या स्टँडमागचं व्हिडिओ गेमचं दुकान आठवलं.

तेव्हा पडद्यावर लढवय्याचं तोंड म्हणजे नुसते चार ठिपके. पेंटर सलीमभाई त्याला दुकानाच्या भिंतीवर रंगवत होते. टर्पेंटाईनच्या वासात त्यांनी त्याला पिकल्या मिशा दिल्या, फुगलेले, मोडके कान दिले.

“असले कान कुठं असतेत का?” मी हसलो.

“माझे अब्बा हायेत. पैलवान होते,” ब्रश न थांबवता ते म्हणाले. “त्यांचा फोटो न्हाई एकबी.”

ती भिंत कधीच पाडली. सलीमभाईही गेले. आज त्यांचा चेहरा आठवायला बसलो, तर भिंतीवरचे अब्बाच डोळ्यांपुढे येतात. सलीमभाईंचा फोटो माझ्याकडे नाही एकही.